'धग' आणि 'बारोमास': वऱ्हाडी कादंबरी कानानं वाचताना

या उन्हाळ्यात तीन कादंबऱ्या पाठोपाठ वाचून झाल्या: उद्धव शेळके यांची 'धग' (1960), सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (2002) आणि गो. नी. दांडेकरांची 'पूर्णामायची लेकरं'. तिन्ही वऱ्हाडातल्या. नागपूरच्या वाचकाला वाटतं की ही तर घरचीच बोली, पानं भराभर उलटतील. तसं होत नाही. ऐकताना जी बोली सहज कळते, तीच छापलेली दिसली की डोळा अडखळतो, कारण शाळेत आपण प्रमाण मराठीच वाचायला शिकलो. म्हणून अशा कादंबरीची पहिली पंचवीस-तीस पानं मोठ्यानं वाचावीत. ओठ हलले की कान जागा होतो आणि जो शब्द डोळ्याला अनोळखी वाटला तो आवाजावरून ओळखू येतो.

अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे 'ळ' चा 'य': डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, काळा म्हणजे काया. 'काया' दिसलं की शरीर आठवतं आणि वाक्य फसतं. दुसरी म्हणजे 'झ' चा 'ह': माझा-तुझा चं माहा-तुहा होतं. पुढं 'माह्या' चंही घाईत 'माया' होतं, आणि शेजारी आई या अर्थाचा 'माय' असला की नवखा वाचक हमखास चुकतो. 'मला' चं 'मले' आणि 'घराला' चं 'घराले' दोन पानांत सवयीचं होतं. 'काऊन' म्हणजे का, कशासाठी. 'येजो', 'जाजो', 'करजो' ही आज्ञा खरी, पण आत्ता लगेच करायची नव्हे, पुढं कधीतरी करायची. तिच्यात आर्जव असतं. प्रमाण मराठीत हे एका शब्दात सांगताच येत नाही, म्हणून 'येजो' ला नुसतं 'ये' समजून पुढं गेलं तर निरोपाच्या प्रसंगातला जीवच जातो.

क्रियापदांकडे विशेष लक्ष द्यावं. वऱ्हाडात बाईमाणूसही 'मी येतो', 'मी करतो' म्हणते. ही छपाईची चूक नाही. संवादात बोलणाऱ्याचं नाव दिलेलं नसेल, तर 'येतो' वरून पुरुष बोलतोय असं धरू नये, आधीचं वाक्य कोणाचं होतं ते पाहावं. दुसऱ्या पुरुषातला 'स' ही गळतो, 'तू आलास' चं 'तू आला' होतं. त्यामुळं समोरच्याशी बोलणं चाललंय की तिसऱ्याबद्दल, हे संदर्भावरून ठरवावं लागतं.

नागपूरकरांसाठी इथं एक सांगायला हवं. आपली बोली वऱ्हाडीला लागून असली तरी तंतोतंत तीच नाही. हे शहर मध्य प्रांताची राजधानी होतं, त्या प्रांतात हिंदी मुलूखही होता, आणि 1903 मध्ये वऱ्हाड प्रशासनासाठी त्याला जोडला गेला. इथल्या बोलण्यात हिंदीचं वळण जास्त मुरलं. नागपूरच्या पूर्वेला भंडारा-गोंदियाकडं गेलं की झाडीबोली लागते. तिच्यात 'ळ' चा 'य' न होता 'र' होतो, डोळा म्हणजे डोरा. तेव्हा 'विदर्भाची बोली' असा एकच डबा करून त्यात सगळं कोंबलं की कादंबरी कोणत्या मातीतली हेच कळेनासं होतं. असाच एक घोटाळा नावामुळं होतो. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगावरून अनेकांनी वऱ्हाडी बोलीची कल्पना करून घेतली आहे. तिथलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, आणि बोली मराठवाड्याची. विनोदातून बोली कानावर पडलेली असली की गंभीर प्रसंगातही हसू शोधायची खोड लागते. 'धग' वाचताना ती खोड बाजूला ठेवावीच लागते.

'धग' ही कौतिकची कादंबरी आहे. नवरा महादेव शिंप्याच्या जातीतला, कष्टाला मागं राहणारा. पुढं त्याला महारोग होतो. नामा, भीमा, यसोदा ही मुलं. संसार एकट्या बाईच्या अंगावर. एवढं कथानक कुणीही चार ओळींत सांगेल, पण कादंबरीचं बळ त्यात नाही, कौतिकच्या बोलण्यात आहे. तिचा जोर, तिचा उपहास, मुलांवरची माया, नवऱ्यावरचा वैताग हे सगळं लेखकानं निवेदनात समजावून न देता संवादांवर सोडलं आहे. म्हणून संवाद भरभर वाचून 'पुढं काय झालं' कडं धावणाऱ्याला ही कादंबरी नुसती दुःखाची यादी वाटते. असं वाचल्यावर 'फार रडकी आहे' म्हणणारे वाचक भेटतात, पण कौतिक रडकी अजिबात नाही. एका बैठकीत पंधरा-वीस पानांपेक्षा जास्त वाचू नये. गरिबीचे तपशील इतके दाट आहेत की पुढं मन बधिर होतं आणि त्यातला फरक दिसेनासा होतो. जात्यावरचं दळण, उसनवारी, कपड्याचं ठिगळ, हे प्रत्येक वेळी वेगळ्या कारणासाठी येतं.

ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी ही कादंबरी आली, हे लक्षात ठेवून वाचलं तर तिची भाषा किती धीट होती ते जाणवतं. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी शेळक्यांनी बोली सौम्य केली नाही. माझ्या मते मराठीतल्या पहिल्या पाच कादंबऱ्यांत तिची जागा आहे.

'बारोमास' वेगळ्या रीतीनं वाचावी लागते. साहित्य अकादमीचा 2004 चा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी बुलडाण्याकडच्या शेतकरी घराची आहे. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ, या घरात न रुळलेली बायको अलका, भाऊ मधू. इथं अडथळा बोलीचा कमी आणि शेतीच्या हिशेबाचा जास्त. शेतीचं वर्ष ठाऊक नसेल तर कोणत्या प्रसंगाला किती घाई आहे हेच समजत नाही. पुस्तकात एक कोरा कागद घालून त्यावर वर्ष लिहून ठेवावं. मृग लागतो 7 जूनच्या आसपास, तेव्हा पेरणीची धांदल आणि बियाण्या-खताला पैसा. मग निंदण (तण काढणं) आणि डवरणी (डवऱ्यानं पिकाच्या ओळींमधली माती हलवणं), म्हणजे मजुरी. श्रावणातल्या अमावास्येला पोळा. दसऱ्याच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि वर्षात पहिल्यांदा हाती पैसा येतो. शेवटच्या वेचणीनं उलंगवाडी झाली की शिवार मोकळं होतं. पाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, नवं साल. या रांगेत एखादा प्रसंग बसवून पाहिला की कळतं, घरातलं भांडण नेमकं खिसा रिकामा असतानाच का पेटतं. शहरी वाचक त्याला नुसता स्वभावांचा झगडा समजतो.

शब्दांसाठीही तोच कागद पुरतो. वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे बांध, पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड आणि वाळल्यावर तेच जळण, कास्तकार म्हणजे शेतकरी. शब्द अडला की लगेच कोश उघडू नये. पान क्रमांकासह टिपून पुढं जावं. दुसऱ्या-तिसऱ्यांदा तो आला की अर्थ बहुतेक आपोआप उलगडतो. चाळीस-पन्नास शब्द टिपले जातात आणि शेवटी त्यातले सात-आठच अडलेले उरतात. तेवढ्यासाठी शेतीत उमर काढलेल्या कुणालाही विचारावं. कोशापेक्षा नेमकं उत्तर मिळतं, कारण डवरा वखरापेक्षा वेगळा कसा हे तो हातानं करून दाखवतो.

'पूर्णामायची लेकरं' बद्दल थोडकंच. दांडेकरांचा जन्म परतवाड्याचा, 1916 मधला. कोकणावर 'पडघवली' लिहिणाऱ्या लेखकानं पूर्णा नदीच्या काठची बोली इतक्या जवळून टिपावी याचं नवल वाटायचं कारण नाही. ती 'धग' च्या आधी वाचली असती तर कान लवकर तयार झाला असता. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं क्रम तसाच ठेवावा: आधी दांडेकर, मग शेळके, मग देशमुख.

पुस्तक विकत घेताना दुकानातच पाच मिनिटं द्यावीत. पुस्तकं बहुधा सोळा पानी फर्म्यांत, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुडग्यांत, छापतात आणि बांधणीत कधी एक फर्मा गळतो, कधी तोच दोनदा येतो. पान 16, 32, 48 असं सोळाच्या टप्प्यानं पुढचा आकडा बरोबर आहे ना ते पाहावं. बोलीतल्या कादंबरीत गळलेला फर्मा लवकर लक्षात येत नाही, वाचकाला वाटतं आपल्यालाच कळलं नाही. जुनी प्रत घेत असाल तर पाठीचा डिंक वाळून तडकलाय का ते बघा. नागपूरच्या मे महिन्यात तो आणखी तडकतो, आणि कूलरच्या झोतात ठेवलेल्या पुस्तकाची पानं ओल धरून वाकडी होतात. कूलरपासून लांबच्या भिंतीशी, उभं ठेवलेलं पुस्तक बरं राहतं. पावसाळा लागला की महिन्यातून एकदा पानं फडफडवून कसर झटकावी.

विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तेव्हा पिशवी मोठी न्यावी. नामदेव कांबळे यांची 'राघववेळ' ही कादंबरी मिळाली तर वाशीमकडची बोली वऱ्हाडातल्या या तिघांशी ताडून पाहता येईल. कोरा कागद तिच्यासाठी घडी घालून तयार आहे.