सीआरपी नॉर्मल आला, तरी डॉक्टर थांबले नाहीत

स्क्लेरोडर्माचं, म्हणजे कातडी आणि आतले अवयव घट्ट करत जाणाऱ्या आजाराचं, निदान झालं तेव्हा अंगातली सूज दाखवणाऱ्या दोन रक्ततपासण्यांपैकी माझा ईएसआर १८ होता आणि सीआरपी नॉर्मल. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "अगं, रक्तात सूज नाही म्हणजे निम्मं संकट टळलं." घरात सगळ्यांनाच तसं वाटलं. ते का पुरेसं नव्हतं, हे मला डॉक्टरांनी नीट समजावलं. तेच इथे लिहिते आहे, कारण हा आजार दुर्मीळ आहे आणि मराठीत त्याबद्दल फार कमी वाचायला मिळतं.

मी नौपाड्यात राहते, ऑफिस ऐरोलीला. एसीत बसलं की बोटं पांढरीफटक, मग निळी, आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकायची. याला रेनॉज म्हणतात. पुढे बोटं सुजली, अंगठी निघेना. फॅमिली डॉक्टरांनी बोटांवरची कातडी चिमटीत धरून पाहिली, ती उचललीच जाईना. त्यांनी त्याच दिवशी रुमॅटॉलॉजिस्टच्या (संधिवात आणि अशा आजारांच्या तज्ज्ञाच्या) नावाने चिठ्ठी लिहिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तिथून तपासण्यांची रांग लागली. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीची चाचणी) पॉझिटिव्ह, पुढच्या प्रोफाइलमध्ये या आजारात सापडणारी एससीएल-७० ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह. २०१३ साली अमेरिकन आणि युरोपियन संघटनांनी मिळून या आजाराचे निकष ठरवले. त्यात कातडीचा घट्टपणा, बोटांच्या टोकांवरच्या जखमा, नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या, रेनॉज, फुप्फुसं, अँटिबॉडी अशा गोष्टींना गुण असतात आणि ९ गुण झाले की आजार धरतात. ईएसआर आणि सीआरपी त्या यादीत नाहीतच. हे कळलं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "मग दर वेळी हे का करायला सांगता?"

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. ईएसआरमध्ये उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या लाल पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजतात. अंगात सूज असली की रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. पण हिमोग्लोबिन कमी असलं तरी ईएसआर वाढतो, वयानेही वाढतो. सीआरपी यकृतात तयार होतं, मुख्यतः इंटरल्युकिन-६ या सुजेचा निरोप देणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर. ते काही तासांत चढतं आणि कारण गेलं की झपाट्याने उतरतं.

"तुमच्या आजारात रक्तवाहिन्या बिघडणं, सूज आणि फायब्रोसिस, म्हणजे आतल्या पेशीजालाचं व्रणासारखं घट्ट होणं, या तिन्ही गोष्टी चालतात," डॉक्टर म्हणाले. "सीआरपी फार तर सुजेबद्दल सांगेल. फायब्रोसिस चुपचाप चालू राहू शकतो. वाढलेला आला तर मी तो गांभीर्याने घेतो, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत. नॉर्मल आला म्हणून फुप्फुसं तपासायची सोडत नाही."

आणि खरंच, एससीएल-७० असल्यामुळे त्यांनी लगेच एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि पीएफटी (नळीत फुंकून करायची फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी) करायला लावली. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी आयएलडीची, म्हणजे फुप्फुसाचं अस्तर सुजून घट्ट होण्याची, सुरुवात दिसली. मला तेव्हा ना खोकला होता, ना दम लागत होता. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं.

रक्त काढण्याचं मात्र वेगळंच दिव्य. कातडी ताणलेली, शीर सापडत नाही. आमच्या जवळच्या लॅबमधली ताई आता मला ओळखते. मी गेले की आधी एसी बंद करते, माझा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसू देते, मग कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपत राहते आणि बारीक बटरफ्लाय सुई घालते. बोटं गुलाबी झाल्याशिवाय ती सुई हातात घेत नाही. हा आजार असेल तर लॅबमध्ये शिरतानाच तसं सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

लॅब शक्यतो एकच ठेवा. मध्ये एकदा दुसरीकडे तपासणी केली तर सीआरपी ०.४ आला. आधीच्या रिपोर्टात ४ होता. नवऱ्याला वाटलं दहापट उतरला. एकक पाहिलं तर एका ठिकाणी मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे आकडा तोच!

पावसाळ्यात ताप आला तेव्हा सीआरपी एकदम ६० च्या वर गेला. घरात रडारड. डॉक्टरांनी आधी इन्फेक्शन शोधलं, कारण मायकोफेनोलेटवर असताना ते अंगावर काढून चालत नाही. उपचार झाले, ताप गेला, नंतरच्या तपासणीत आकडा पुन्हा जुन्या जागी. आजाराचं औषध वाढवावं लागलं नाही.

वाढलेल्या आकड्याला किंमत नाही, असं मात्र कुणी समजू नये. इंटरल्युकिन-६ चा मार्ग अडवणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत स्क्लेरोडर्माच्या फुप्फुसविकारासाठी मान्यता मिळाली. ज्या मोठ्या चाचणीवर ती आधारलेली होती, तिच्यात आजार नवा, कातडीवर पसरलेला आणि रक्तात सुजेच्या खुणा वाढलेल्या, असे रुग्ण घेतले होते. त्यामुळे कुणाला कोणतं औषध, हे ठरवताना हे साधे रिपोर्टही उपयोगी पडतात.

माझ्या फाइलमध्ये आता पहिल्या पानावर पीएफटीतले एफव्हीसी (एका दमात किती हवा फुंकली) आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो) हे आकडे तारखांसह आहेत, त्याखाली टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), मग घरी मोजलेलं बीपी. बीपी अचानक चढलं तर थांबायचं नाही, लगेच फोन करायचा, कारण या आजारात किडनीवर झपाट्याने संकट येऊ शकतं. ईएसआर-सीआरपीचं पान त्यानंतर.

पुढची पीएफटी गणपतीनंतर आहे. त्याआधी सीबीसी, यकृताची तपासणी, क्रिएटिनिन आणि लघवी. सीआरपी या वेळी लिहून दिलेला नाही, आणि सासूबाईंनीही तो विचारला नाही. त्यांनी विचारलं, "फुंकायची तपासणी कधी आहे?"