व्हिसाच्या फाइलने आखून दिलेली इटली

टूर कंपन्यांच्या पत्रकात इटली चार दिवसांत उरकते. रोम, पिसा, व्हेनिस, की बस लगेच आल्प्सकडे वळते. आम्हाला तसं जायचं नव्हतं, आणि त्या पत्रकावरचा आकडाही झेपणारा नव्हता. आठवडाभराची रजा, दोघांचे मिळून जास्तीत जास्त अडीच लाख आणि फक्त इटली, एवढं नवऱ्याचं आणि माझं ठरलं. २०२४च्या गणपतीनंतर कामाला लागलो. जायचं होतं नोव्हेंबरच्या शेवटी.

नोव्हेंबर का, असं प्रत्येकाने विचारलं. कारण तेव्हा तिकडे कुणी जात नाही. विमानाची तिकिटं आणि खोल्यांचे भाव उन्हाळ्याच्या मानाने बरेच खाली असतात, रांगा आटोपशीर असतात. त्याची किंमत म्हणजे पाऊस, आणि पावणेपाचच्या आत होणारा सूर्यास्त. रोममध्ये नोव्हेंबर हा सर्वांत पावसाळी महिन्यांपैकी एक. डोंबिवलीत जुलै काढलेल्या माणसाला त्याचं काही वाटू नये, असा माझा हिशोब होता आणि तो बरोबर निघाला.

शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाची, भीती सगळे घालतात. नियम तसे सरळ आहेत, बुचकळ्यात पाडतो तो त्यांचा क्रम. व्हिसा मिळणार की नाही हे कळायच्या आधी, कुठल्या रात्री कुठे झोपणार, कुठल्या गाडीने कुठे जाणार आणि परत कधी येणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं. सहल आधी, परवानगी नंतर. मला हे उफराटं वाटलं होतं. पण आमची सहल स्वस्तात झाली ती या उफराट्या क्रमामुळेच, असं आता माझं मत आहे.

आधी कोरडी माहिती. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. फी जून २०२४पासून ९० युरो झाली, म्हणजे तेव्हाच्या दराने माणशी आठ हजारांच्या वर. त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तर यातलं काही परत मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.

बाकीची फाइल म्हणजे आपल्या अख्ख्या संसाराचा पंचनामा. आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा, दोन्ही ऑफिसांची रजा मंजूर असल्याची पत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणि सही हवी, नेटवरून काढलेली प्रिंट नुसती चालत नाही असं आम्हाला सांगितलं गेलं. मग एका शनिवारी शाखेत जाऊन पानोपानी शिक्के मारून आणले. शिक्के मारणाऱ्या ताईंनी "स्वित्झर्लंड का?" असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा जरा विरस झाला.

खात्यात किती शिल्लक हवी, यावर नातेवाइकांत एकमत नव्हतं. इटलीच्या नियमांत खर्चाच्या किमान रकमेचा एक तक्ता आहे. सहा ते दहा दिवसांच्या मुक्कामासाठी एकट्या माणसाला दिवसाला ४४.९३ युरो आणि दोन किंवा जास्त माणसं असतील तर माणशी २६.३३ युरो. जोडीने जाणं स्वस्त पडतं हे सरकारी कागदावर लिहिलेलं मी तिथे पहिल्यांदा वाचलं. हा आकडा अगदीच तळाचा आहे, त्याच्यावर विसंबून अर्ज करू नये. पण त्यामुळे खात्यात पाच-सात लाख दिसायलाच हवेत ही धास्ती गेली. बाबा म्हणत होते, "दोन लाख टाकतो तुझ्या खात्यात, व्हिसा झाला की परत कर." त्यांना नको म्हटलं. अर्जाच्या आठवड्यात अचानक आलेली मोठी रक्कम तपासणाऱ्याच्या डोळ्यांत आधी भरते. दर महिन्याला येणारा पगार आणि त्यातून हळूहळू वाढणारी शिल्लक, तेवढी पुरेशी ठरली.

नावाचा मुद्दा मात्र आपल्याकडच्या बायकांनी नीट बघावा. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव आहे. बँकेच्या संयुक्त खात्यावर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटल्या तर त्याची चूक नाही. महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र फाइलमध्ये लावलं आणि अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत खुलासा केला. प्रमाणपत्र मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असल्यामुळे भाषांतराची भानगड आली नाही. पुढची प्रत्येक गोष्ट, विमान, विमा, खोली, अगदी कोलोसियमचं तिकीटसुद्धा, पासपोर्टवरच्या नावानेच घेतली. कोलोसियमच्या तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारात ओळखपत्र मागू शकतात.

आता अर्जासोबतच्या त्या पत्राबद्दल. त्यात दिवसवार कार्यक्रम द्यायचा असतो. नवऱ्याच्या यादीत रोम आणि व्हेनिस होतं. माझ्या यादीत फ्लॉरेन्स आणि समुद्राकाठची ती रंगीत गावं. तोंडी बोलताना सगळं बसत होतं. एक्सेलमध्ये तारखांपुढे लिहायला घेतलं तेव्हा गंमत कळली. शहर बदललं की अर्धा दिवस जातो: खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडी, पुन्हा नवी खोली दुपारी तीननंतरच हातात. अंधार पाचच्या आत. चार ठिकाणं धरली तर आठवड्यातले दोन दिवस बॅगा ओढण्यात आणि तेवढ्यासाठी गाडीभाडंही. दोन रात्री आमचं यावरून चांगलंच वाजलं. शेवटी व्हेनिस गेलं, कारण तिथे पाण्यावरच्या बसचं सव्वा तासाचं तिकीटच ९.५० युरो होतं. माझी रंगीत गावंही गेली, कारण नोव्हेंबरात तिथला समुद्र खवळलेला आणि निम्मी दुकानं बंद. राहिलं रोम आणि फ्लॉरेन्स. व्हिसाच्या फाइलसाठी लिहावं लागलं नसतं तर आम्ही "तिथे गेल्यावर बघू" म्हणत चारही ठिकाणं डोक्यात घेऊन विमानात बसलो असतो.

मावशी तरीही म्हणत होती, "एवढे पैसे घालून जाताय तर स्विसपण करून या की." शेंगेनचा नियम असा आहे की ज्या देशात सगळ्यांत जास्त मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज. एका देशाच्या व्हिसावर दुसरीकडे जाता येतं, पण हे मावशीला कशाला सांगा? "व्हिसात बसत नाही गं," एवढं म्हटलं की नातेवाइकांचे सगळे वाद मिटतात.

अर्ज दिला त्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो झाले. केंद्रातल्या खिडकीवर जादा पैशांत एसएमएस, कुरिअर, खास बसायची जागा असं बरंच काही पुढे करतात. आम्ही फक्त कुरिअर घेतलं. व्हिसा आला तो फाइलमधल्या तारखांपुरता, थोड्या सवलतीच्या दिवसांसह.

पैशाच्या बाबतीत आम्ही एक रेघ आखली होती. व्हिसाच्या आधी जे काही घेऊ ते रद्द करता येणारं, व्हिसाच्या नंतर जे घेऊ ते स्वस्तातलं आणि रद्द न होणारं. खोल्या पहिल्या प्रकारात. विमानाचं तिकीट थोडे जास्त पैसे देऊन रद्द करता येईल असं काढलं. वेगवान रेल्वेची तिकिटं व्हिसा हातात आल्याच्या संध्याकाळी घेतली. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास, साध्या प्रादेशिक गाडीने पावणेचार-चार तास. लवकर घेतलं तर वेगवान गाडी साध्या गाडीच्याच भावात मिळते, ऐनवेळी घेतलं तर दुपटीहून महाग. साध्या गाडीचं भाडं मात्र कधीही घ्या, तेच राहतं.

रोमचा मुक्काम आम्ही स्टेशनच्या नावावरून ठरवला. फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस १४ युरो घेते. त्याच विमानतळावरून सुटणारी एफएल१ ही लोकल ८ युरो घेते, पण ती तेर्मिनीला जात नाही, त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना अशी जाते. म्हणून खोलीच ओस्तिएन्सेजवळ घेतली. दोघांचे येताना-जाताना मिळून २४ युरो वाचले. शिवाय शेजारच्या पिरामिदे स्टेशनवरून मेट्रोने कोलोसियम अगदी जवळ. साधं तिकीट १.५० युरो, शंभर मिनिटं चालतं. तिथे खरोखर एक पिरॅमिड आहे, इसवी सनापूर्वीचा, रहदारीच्या चौकात. त्याच्या सावलीतल्या दफनभूमीत कीट्स आणि शेली हे इंग्रज कवी विसावले आहेत. त्या भागात पर्यटक कमी आणि भाजीबाजार भरपूर.

खोलीच्या भाड्यात न दिसणारी एक रक्कम असते: शहराचा मुक्काम कर. रोममध्ये तीन तारांकित हॉटेलात तो माणशी, दर रात्री ६ युरो होता. दोघांचं आठवडाभराचं धरलं तर जवळजवळ एका माणसाच्या व्हिसा फीएवढी रक्कम होते. हा कर बहुतेकदा तिथेच भरायचा असतो, म्हणून एक्सेलमध्ये त्याला वेगळा रकाना हवाच.

कोलोसियम, फोरम आणि पॅलाटाइन टेकडीचं एकत्र तिकीट तेव्हा १८ युरो, व्हॅटिकन म्युझियमचं ऑनलाइन २५, पँथिऑन ५ होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि स्मारकं फुकट असतात, आणि १ डिसेंबरला नेमका रविवार होता. नवऱ्याला त्या दिवशी कोलोसियम करून ३६ युरो वाचवायचे होते. मी अडून बसले. फुकटच्या दिवशी आधी वेळ राखून ठेवता येत नाही, अर्धा दिवस रांगेत जातो. कोलोसियम आधल्या दिवशी पैसे भरून पाहिलं आणि रविवारी काराकालाच्या प्राचीन रोमन स्नानगृहांत गेलो. प्रचंड विटांच्या भिंती, जमिनीवर मोझॅइक आणि माणसं मोजकी. माझा हट्ट त्यानेही नंतर मान्य केला, तोही स्वतःहून.

खाण्याचं. मी शाकाहारी, तो काहीही खातो. सासूबाईंनी तूप आणि कंदी पेढे बांधून ठेवले होते. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे ते घरीच राहिले. भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी, खाकरे गेले. खोलीत छोटी शेगडी होती. रोज रात्री पिठलं-भात नाही केला, पण पावसात भिजून आल्यावर मेतकूट-भाताला तोड नव्हती. बाहेर पिझ्झा वजनावर विकतात, तो दुपारचा आधार. कॉफी बारजवळ उभ्याने प्यायची, टेबलावर बसलं की तीच कॉफी महाग. जेवणाच्या बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लावतात, तो बसण्याचा आकार, फसवणूक नाही. पाणी विकत घ्यायचं नाही, रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात. कडक शाकाहारी लोकांनी एवढं लक्षात ठेवावं की पार्मेजानो आणि पेकोरिनो ही चीज वासरा-कोकरांच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या रसाने, बनतात. चीज नसलेला मारिनारा पिझ्झा आणि फ्लॉरेन्सचं रिबोलिता, म्हणजे पाव, घेवडा आणि पालेभाज्यांचं दाट सूप, हे बहुधा बिनघोर.

शुक्रवारी शहर बदलायचं नाही, हेही आधीच ठरवलं होतं. इटलीत वाहतुकीचे संप आगाऊ जाहीर होतात आणि बरेचदा शुक्रवारी येतात. प्रादेशिक गाड्या संपातही कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ धावतात.

कॅथलिक चर्चचं ज्युबिली, म्हणजे पवित्र वर्ष २४ डिसेंबरला सुरू होणार होतं, त्यामुळे अख्खं रोम खणून ठेवलेलं. नाणी फेकण्यासाठी प्रसिद्ध असलेलं त्रेवी कारंजं कोरडं होतं. त्याच्यावर तात्पुरता पूल टाकला होता आणि नाणी फेकायला समोर एक बारकी टाकी ठेवली होती. लोक हिरमुसले होते. आम्ही त्या पुलावरून मूर्तींच्या अगदी जवळून चालत गेलो, पाणी असताना तिथे कुणाला जाता येत नाही. नवऱ्याने टाकीत एक युरो टाकला. मी त्याला दहा सेंटचं नाणं काढून दिलं होतं.

एकूण खर्च अडीच लाखांच्या आत बसला. निम्म्याच्या जवळपास विमान आणि व्हिसावरच गेला. कार्डाने पैसे देताना मशीन रुपयांत की युरोत असं विचारतं, तिथे युरोच निवडायचं, नाहीतर दर त्यांच्या मर्जीचा लागतो. आणि आता जाणाऱ्यांसाठी: १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. उतरल्यावर लगेच पुढची गाडी असेल तर मधे वेळ मोकळा ठेवा, आणि त्या दिवशीचं रेल्वे तिकीट साध्या गाडीचंच घ्या.