आमदारांसाठी राखीव

एसटीच्या लाल डब्यात काही आसनांवर अक्षरं रंगवलेली असतात. महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, आमदार. महिलांच्या जागेवरून रोज वाद होतात, आमदारांच्या जागेवरून कधीच नाही. आमदारांना एसटीचा प्रवास फुकट असतो, पण तिथे बसलेल्याला "उठा, आमदार आलेत" असं सांगायची वेळ कंडक्टरवर नोकरीभरात येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडे यायची. गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबासाहेब, खरोखरच एसटीने फिरायचे. शेतकरी कामगार पक्षाचे. त्यांची निशाणी खटारा. खटाऱ्यावर निवडून यायचं आणि एसटीने विधानसभेत जायचं, असा हिशेब. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, २०१४ साली अकराव्यांदा. मतदारसंघ तोच, पक्षही तोच. यातली दुसरी गोष्ट आज जास्त नवलाची वाटते.

लोक याला साधेपणा म्हणतात. तो होताच, पण त्यात व्यवहारही होता. गाडीवाल्या आमदाराला गाठायचं तर आधी त्याच्या स्वीय सहायकाला गाठावं लागतं. एसटीने जाणाऱ्याचं वेळापत्रक स्टँडवरच रंगवलेलं असतं. अर्ज द्यायचा तर फलाटावर उभं राहायचं. गाडीत शेजारी बसलेल्याला तर कामाचा तपशील, खर्च आणि कोण अडवतंय हे सगळं सांगायला पुढच्या थांब्यापर्यंत निवांत वेळ. शिवाय रस्ता कुठे उखडलाय हे आमदाराच्या पाठीलाच कळतं, त्यासाठी वेगळा अहवाल नको.

सांगोला म्हणजे माणदेशाचा भाग. खिलार जनावरं, डाळिंब आणि पावसाची वाट. इथे राजकारण पाण्यावरच चालतं. टेंभू-म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा सिंचन योजनांचं पाणी यावं म्हणून दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा आटपाडीला भरायच्या. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने आबासाहेब त्यात असायचे. कापूस हे ज्या तालुक्याचं मुख्य पीकच नाही, तिथे त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली. १९७८ चं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आणि १९९९ चं आघाडी सरकार, या दोन्हींत मंत्री होते. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर गेला.

हरलेही. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ चा पराभव मात्र जिव्हारी लागणारा, १९२ मतांचा. एसटीच्या मापात मोजायचं तर गाडीत ४५ जण धरून चार गाड्या भरतात आणि वर दांड्याला धरून उभे १२. तालुक्याच्या स्टँडवरून एवढी माणसं सकाळच्या चहाच्या आत निघून जातात. ९९ ला ते पुन्हा निवडून आले.

वयामुळे २०१९ ला उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. १९२ च्या बरोबर चौपट, आणि दोन्ही वेळी समोर शहाजीबापू पाटीलच. ३० जुलै २०२१ रोजी आबासाहेब गेले, पंच्याण्णवी पुरी व्हायला अकरा दिवस कमी. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले, समोर पुन्हा शहाजीबापू. या खेपेला मताधिक्य पंचवीस हजारांच्या वर होतं. त्याला एसट्या मोजत बसायची गरज पडली नाही.