सुपाचा कागद

परवा रात्री ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "तुझ्याकडे तो कोबीच्या सुपाचा कागद होता ना गं? फोटो काढून पाठव की."

"बघते" म्हणून मी फोन ठेवला. खरं तर बघायचं काही नव्हतं. मिक्सरच्या माहितीपुस्तकात घडी करून ठेवलेला तो कागद मला पाठ आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट, कोपऱ्यावर टोमॅटोचा डाग. वर ठळक अक्षरांत 'सात दिवसांत ५ ते ७ किलो'. असे कागद फॅक्सच्या जमान्यापासून हातोहात फिरत आलेत आणि मोठमोठ्या हॉस्पिटलांची नावं त्यांना फुकटात चिकटवली गेली आहेत. माझ्याकडच्या कागदावरही होतं एक. त्याच नावावर मी विश्वास ठेवला.

कॉलेजच्या मैत्रिणी वीस वर्षांनी भेटणार होत्या आणि माझ्याकडे आठ दिवस होते. वजन ७४.६. मोठ्या पातेल्यात कोबी, कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, सेलरी आणि सुपाचं तयार पाकीट. भूक लागेल तेव्हा हवं तितकं प्यायचं. पहिल्या दिवशी सोबत केळं सोडून कुठलंही फळ. दुसऱ्या दिवशी फळं बंद, फक्त भाज्या आणि रात्री एक भाजलेला बटाटा, लोणी लावून. तो बटाटा मी अर्धा तास खात होते. साल काढून बाजूला ठेवली आणि शेवटी तीही खाल्ली. तिसऱ्या दिवशी फळं आणि भाज्या. चौथ्या दिवशी केळी आणि साय काढलेलं दूध.

पाचवा दिवस अजून आठवतो. कागदात त्या दिवशी मांस आणि टोमॅटो होते. मी मांस खात नाही, म्हणून माझ्या वाट्याला नुसते टोमॅटो आले. प्रथिनांच्या जागी दुसरं काही घ्यायला हवं, हे कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. दुपारी कपाटातून डबा काढताना डोळ्यांसमोर अंधारी आली. ओट्याला धरून उभी राहिले. पोट फुगलेलं, कारण कोबीतली रॅफिनोज नावाची साखर आपल्याला पचत नाही, ती मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. त्या संध्याकाळी लेकाने बूट जागेवर ठेवले नाहीत एवढ्यावरून मी त्याच्यावर इतकी ओरडले, की तो जेवायलाच आला नाही. रात्री झोप येईना, तर मोबाइलवर केकच्या पाककृती वाचत बसले. एकामागून एक, दीड वाजेपर्यंत. करायचं काहीच नव्हतं, नुसतं वाचायचं होतं.

पुढे मिनेसोटा विद्यापीठातल्या १९४४-४५ च्या प्रयोगाबद्दल वाचलं, तेव्हा ती रात्र डोळ्यांपुढे आली. तिथले संशोधक अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, चिडचिडे झाले होते. त्यांचे महिने आणि माझा आठवडा यांची तुलना होणार नाही. पण उपाशी शरीर मनालाही कामाला लावतं, हे मला त्यातून पटलं. त्या दिवशीचा माझा स्वभाव वाईट नव्हता, मी भुकेली होते.

आठव्या सकाळी काटा ७१.२ वर. मला रडू आलं आनंदाने. मैत्रिणींनी कौतुक केलं, फोटो छान आले. पंधरा दिवसांनी वजन ७४.१.

हे ३.४ किलो गेले कुठे आणि आले कुठून, याचा हिशोब तेव्हाच मांडायला हवा होता. यकृत आणि स्नायू मिळून शरीर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, साठवतं आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं तुटलं की हा साठा आधी संपतो आणि पाणी निघून जातं. पोटभर जेवलं की परत येतं. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. माझ्यासारखी बाई दिवसाला २,००० खर्च करत असेल, तर सात दिवस पाण्यावर राहिले असते तरी दोन किलोसुद्धा चरबी गेली नसती. उरलेलं वजन म्हणजे पाणी आणि थोडे स्नायू. स्नायू गेल्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ते असे पंधरा दिवसांत भरून येत नाहीत.

सुपावर माझा राग नाही. आहारसंशोधक बार्बरा रोल्स यांच्या १९९९ च्या अभ्यासात बायकांना जेवणाआधी एकच पदार्थ वेगवेगळ्या रूपांत दिला होता: नुसता, सोबत पाण्याचा ग्लास देऊन, आणि तेच पाणी आत घालून सूप करून. सूप पिणाऱ्या पुढच्या जेवणात कमी जेवल्या. तेव्हा जेवणाआधी वाटीभर सूप जरूर घ्यावं. मी घेते, पाकीट न घालता, कारण त्यात मीठ फार असतं. मग नीट जेवते.

पण ताईचं वेगळं आहे. तिच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला आहे, ती वॉरफरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी, घेते. कोबीत आणि हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. रोज साधारण तेवढंच खाल्लं तर डॉक्टर त्या बेताने डोस बसवतात. एकदम पातेली भरून कोबी सुरू केला तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, खाली येऊ शकतो, म्हणजे रक्ताच्या गुठळीची भीती. त्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही.

काल तिला फोन करून हे सगळं सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "अगं, दोन जिने चढले की धाप लागते. मला वाटलं, वजन उतरलं तर..."

वजनाबद्दल तिने एवढं पहिल्यांदाच सांगितलं. धापेचंही मला माहीत नव्हतं. म्हटलं, हे वजनावर ढकलू नकोस, आजच डॉक्टरांना फोन कर. तिने केला. त्यांनी उद्या सकाळी बोलावलंय, मी सोबत जाणार आहे.