अर्ध्या वाटीचं जेवण

अण्णांच्या ऑपरेशनला आता आठ महिने झाले. कॅन्सर जठराच्या वरच्या भागात होता, त्यामुळे जठर पूर्ण काढावं लागलं आणि अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. आधी चार केमो, नंतर चार. ऑपरेशन उत्तम झालं. आमची खरी कसोटी लागली ती घरी आल्यावर, स्वयंपाकघरात.

घरी आणलं तेव्हा वजन ५१ किलो होतं, आजारपणाआधी ६४. पोटातून आतड्यात बसवलेली नळी होती. रात्री त्यातून पावडरचं फीड थेंबाथेंबाने सोडायचं, डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, आधी आणि नंतर उकळून गार केलेलं पाणी सिरिंजने सोडून नळी धुवायची. हे नर्सने माझ्याकडून दोनदा करून घेतलं होतं. तरी पाचव्या दिवशी मी लोहाची गोळी कुटून त्यातून दिली आणि नळी तुंबली. कोमट पाणी हलक्या हाताने पुढेमागे करत अर्धा तास गेला, तेव्हा ती मोकळी झाली. त्यानंतर प्रत्येक औषध पातळ मिळतं का, हे आधी विचारायला लागले.

तोंडाने काय द्यायचं, याचा मात्र डिस्चार्जच्या कागदावर दोनच शब्द होते: ‘मऊ आहार’. आईने मऊ म्हणून साजूक तुपातला शिरा केला. अण्णांनी आवडीने वाटीभर खाल्ला. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात पिळवटून कळ आणि मग जुलाब. आई रडायला लागली, तिला वाटलं टाके उसवले.

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला, तेव्हा कळलं की याला डम्पिंग म्हणतात. जठर अन्न साठवून थोडं थोडं पुढे सोडतं. ते नसल्यावर गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो आणि पाणी ओढून घेतो. कधी जेवणानंतर दोनेक तासांनी रक्तातली साखर उतरून हात थरथरतात, तोही याचाच प्रकार. म्हणून गोड बंद, आणि जेवताना पाणी बंद. पाणी अर्धा तास आधी किंवा नंतर, घोटाघोटाने.

मग दिवसाच्या खाण्याच्या आठ वेळा ठरल्या. सकाळी सातला एक उकडलेलं अंडं. नऊला मुगाचं मऊ धिरडं. मग पनीर कुस्करून, घट्ट वरण आणि मऊ भात, ताजं दही. दूध त्यांना सोसेना, दही मात्र चाललं. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं जायला हवीत, म्हणून वाटीत आधी अंडं किंवा वरण, भात शेवटी. प्रत्येक घास तोंडात पातळ होईपर्यंत चावायचा. सुरुवातीचे काही महिने कच्ची कोशिंबीर, पेरू, संत्र्याचे पापुद्रे वर्ज्य.

सगळ्यात कठीण काय गेलं असेल तर आग्रह थांबवणं. आमच्याकडे माया वाढूनच दाखवतात. ‘एवढंसं खाऊन अंगात ताकद कुठून येणार?’ म्हणत मावशी उसाचा रस घेऊन आली, तेव्हा मला तिला दारातच समजवावं लागलं. आईला तर रोज. शेवटी तिने मोठी वाटी कपाटात ठेवली आणि देवाच्या नैवेद्याची छोटी वाटी काढली. ती भरून वाढता येते, एवढ्यानेच तिचं समाधान व्हायला लागलं.

बी-१२ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आता आयुष्यभर. अन्नातलं बी-१२ शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. आमचं महिन्याला असतं, कॅलेंडरवर आईने लाल गोल करून ठेवलेत. ज्यांच्या घरी हे ऑपरेशन ठरलंय त्यांना कळकळीने सांगते, डिस्चार्जच्या आधी आहारतज्ज्ञांना भेटल्याशिवाय निघू नका, आणि घरात जो स्वयंपाक करतो त्याला सोबत न्या.

नळी तिसऱ्या महिन्यात निघाली. वजन ५४वर आहे, दर रविवारी सकाळी बघतो. गेल्या आठवड्यात अण्णांनी भाकरी मागितली. आईने ज्वारीच्या भाकरीचा चतकोर वरणात कुस्करून दिला. त्यांना तो संपवायला पंचवीस मिनिटं लागली. आई समोर बसून होती, एकदाही ‘अजून घ्या’ म्हणाली नाही.