चला, स्वारगेट!

परवा दुपारी औषधाच्या दुकानापाशी गाडी लावून बसलो होतो. मागचं दार उघडलं, एक आजोबा पिशवीसकट आत सरकले आणि म्हणाले, "चला, स्वारगेट!" मी म्हटलं, "आजोबा, ही टॅक्सी नाही." त्यांनी सीटवरून हात फिरवला, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "मग इंडिका कशाला घेतलीत?"

सोडलं त्यांना. वाटेवरच होतं.

प्रश्न तसा रास्त आहे. पांढरी, डिझेलवरची इंडिका लोकांच्या लेखी टॅक्सीच. पण 1998च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा आमच्या आळीत घरचीच मुलगी बोर्डात आल्यासारखा सगळ्यांचा आव होता. ट्रक बनवणारे टाटा कार काय बनवणार, असं म्हणणारेही होतेच म्हणा. ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना सुटा करून जहाजानं पुण्याला आणला, ही गोष्ट शेजारचे टेल्कोतले, म्हणजे टाटांच्या गाड्यांच्या कंपनीतले, काका अशी सांगायचे, की वाटावं त्यातला नट न् नट यांनीच खोललाय.

त्याआधी घरात वडिलांची पद्मिनी होती. कुर्ल्याला प्रीमियरमध्ये बनलेली, तरी घरात सगळे तिला फियाटच म्हणायचे. थंडीत सकाळी वडील चोक ओढायचे, इंजिन फुरफुरायला लागलं की खाली उतरून पिवळ्या फडक्यानं आधी काच पुसायचे, मग बॉनेट, मग आरसे. तोवर आम्ही भावंडं आत चिडीचूप. स्टिअरिंगजवळचा गिअर खट्कन पडला की बोलायला मुभा. पुढच्या दाराच्या तिकोनी काचेपाशी कोणी बसायचं यावरून मारामाऱ्या व्हायच्या. ती तिरकी केली की वारा थेट तोंडावर. एसीपेक्षा मला अजूनही ती काचच हवीशी वाटते. घरात हे बोलायची सोय नाही.

पद्मिनीचीही शेवटी टॅक्सीच झाली. मुंबईत काळी-पिवळी म्हटलं की तीच डोळ्यांपुढे यायची; 2023च्या ऑक्टोबरअखेर तीही संपली. वडिलांना यात कधी कमीपणा वाटला नाही. उलट मुंबईला गेलं की टॅक्सीवाल्याशी त्यांची हटकून गट्टी जमायची. अ‍ॅव्हरेज किती देते, क्लचप्लेट कधी बदलली, ऑइल कुठलं घालता. आई मागे बसून कपाळाला हात लावायची. "ज्याचं पोट गाडीवर आहे, तो गाडीच्या रंगरूपाला भुलत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

माझं समाधानही त्याच जातकुळीतलं. इंडिकाचा डॅशबोर्ड उन्हानं विटलाय. पण मागच्या सीटवर तीन अंगापिंडानं भरलेली माणसं अजून ऐसपैस बसतात. कुठल्याही गॅरेजात न्या, मिस्त्री लॅपटॉप न जोडता बॉनेटवर कान लावल्यासारखा वाकतो आणि सांगतो, "काही नाही साहेब, चालवा." मी चालवतो.

2018पासून ती बनायचीच बंद झालीय, त्यामुळे रस्त्यात दुसरी इंडिका दिसली की आत कोण आहे ते मी डोकावून बघतो. बहुतेक वेळा तोही माझ्याकडेच बघत असतो.

मुलगा म्हणतो, आता इलेक्ट्रिक घेऊ. तीही इथलीच, त्यामुळे तत्त्वाचा मुद्दा काढता येत नाही. पण पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत जाऊन आरसी पाच वर्षांनी वाढवून आणलीय, ग्रीन टॅक्स भरलाय. तो वसूल व्हायला नको? पुढचं पुढे बघू. तूर्तास पुढचे दोन टायर बदलायचेत.