भडला: कागदावर पडीक असलेली जमीन

तारेच्या कुंपणाला लागून आमची जीप वीस मिनिटे धावत होती, तरी सौर पॅनेलच्या रांगा संपेनात. जोधपूरहून फलोदी, बाप अशी मजल करत भडल्याला पोहोचलो, तेव्हा फेब्रुवारीतली दुपार कलली होती. थरच्या वाळवंटातल्या या सौरऊर्जा प्रकल्पाची क्षमता 2,245 मेगावॅट असून त्याने सुमारे 14,000 एकर जमीन व्यापली आहे. निरभ्र आकाश आणि विरळ वस्ती यांमुळे ही जागा निवडली गेली. इथल्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, पण त्याचा उपयोग नाही. पॅनेलला ऊन हवे असते, उष्णतेने उलट वीजनिर्मिती घटते.

आत जाण्याची परवानगी नसल्याने आम्ही कुंपणाबाहेरच थांबलो. सूर्य मावळला आणि एका रांगेच्या टोकाकडून लांबलचक ब्रश आपोआप सरकत पुढे येऊ लागला. त्याच्याखालून पिठासारखी बारीक धूळ गळत होती. पाण्याचा थेंबही वापरला जात नव्हता. ज्या मुलखात माणसे टांक्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर महिनेच्या महिने काढतात, तिथे ही योजना मला फार मोलाची वाटली. कोळसा जाळणे कमी करायचे असेल, तर असे प्रकल्प हवेतच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वाटेत खेजडीचा ताजा बुंधा दिसला. कापलेल्या जागी डिंकाचे थेंब अजून ओलसर होते. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगांची म्हणजे सांगरीची भाजी माणसांना, आणि तिच्या सावलीतही बाजरी चांगली पिकते. 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात याच झाडांसाठी अमृतादेवींसह 363 बिश्नोईंनी प्राण दिले.

‘‘बाईसा, पूर्वी शेळ्या सरळ तळ्यावर जायच्या,’’ बुंध्यापाशी भेटलेले एक वृद्ध मेंढपाळ सांगत होते. ‘‘आता कुंपणाला वळसा घालून न्यायचे, तर जाण्यायेण्यातच दिवस सरतो.’’

आपल्याकडे जशा देवराया, तशी इथे ओरण: देवाच्या नावाने राखलेली राने, जिथे कुऱ्हाड चालत नाही पण गुरे चरतात. महसुली दप्तरात त्यांतली कित्येक पडीक म्हणून नोंदलेली आहेत आणि प्रकल्पासाठी जमीन शोधणाऱ्याला ती मोकळीच दिसतात. ओरणांचे सर्वेक्षण करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2024 रोजी राजस्थान सरकारला दिला. हे काम कुंपणे पडण्याआधी व्हायला हवे होते.

पुढे जैसलमेरजवळ देगरायच्या ओरणापाशी उतरलो. सेवण गवतावरून उच्चदाबाच्या तारा गेल्या आहेत. इथला गोडावण म्हणजे आपला माळढोक, ज्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले आणि जो तिथून जवळजवळ नाहीसा झाला. पंधरा किलोपर्यंत वजनाच्या या पक्ष्याला उडताना समोरचे नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. पक्ष्यांना तार लक्षात यावी म्हणून लावलेल्या चकत्या वाऱ्यावर गरगरत होत्या. अंधार पडेपर्यंत आम्ही दुर्बीण लावून बसलो, पण माळढोक आला नाही.